पट्टी सुटल्यानंतरचे पाहणे

डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला. जन्मांध माणूस घन आणि गोल चाचपून अचूक ओळखतो. त्याला एकाएकी दिसू लागले, तर हात न लावता, नुसत्या नजरेने त्याला ते ओळखता येतील का? मॉलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टी लग्नानंतर थोड्याच काळात गेली होती. हा प्रश्न घरातूनच आला असावा, असे मला नेहमी वाटते. लॉक आणि पुढे बर्कली यांचे उत्तर ‘नाही’ असे होते. लायब्निट्स म्हणाले, समोर त्याच दोन वस्तू आहेत हे त्याला ठाऊक असेल, तर विचार करून तो ओळखेल.

१७२८ मध्ये लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसल्डन यांनी मोतीबिंदू काढलेल्या तेराएक वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. कुत्रा कोणता आणि मांजर कोणते, हे तो पुन्हा पुन्हा विसरे. विचारायची लाज वाटू लागली, तेव्हा त्याने मांजर उचलले, हाताने नीट जाणून घेतले आणि मग त्याच्याकडे टक लावून पाहिले.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती सिडनी ब्रॅडफर्ड यांची कथा. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या इंग्रज माणसावर वयाच्या बावन्नाव्या वर्षी कॉर्नियारोपण झाले. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी त्यांना तपासले, तर भिंतीवरच्या घड्याळातली वेळ ते लगेच सांगत होते, कारण खिशातल्या घड्याळाचे काटे बोटांनी चाचपायची त्यांना सवय होती. इंग्रजीतली मोठी अक्षरे अंधशाळेत स्पर्शाने शिकवलेली, म्हणून ती वाचता आली. लहान अक्षरे मात्र येईनात. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात लेथ यंत्रासमोर उभे राहून त्यांना काहीच उमगेना. मग त्यांनी डोळे मिटले, यंत्रावरून हात फिरवला, मागे सरले, डोळे उघडले आणि म्हणाले की, आता दिसते आहे. पुढे मात्र ते खचत गेले. १९६० मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

त्यानंतर मेंदूशास्त्रज्ञ ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे शिवून ठेवला. त्या डोळ्याला प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या पेशी जवळजवळ उरल्याच नाहीत. दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले. एका ठरावीक वयानंतर शस्त्रक्रिया करून फारसे काही साधत नाही, हा समज अशा प्रयोगांमुळे बळावला.

त्या समजाला दिल्लीत तडा गेला. एमआयटीचे पवन सिन्हा यांचा ‘प्रोजेक्ट प्रकाश’ जन्मतः दृष्टिहीन असलेल्या मुलांवर उपचारही करतो आणि त्यांच्याकडून पाहण्याचे शास्त्रही शिकतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ८ ते १७ वर्षांची पाच मुले होती. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत त्यांच्या हातात एक ठोकळा दिला आणि दोन ठोकळ्यांतून तोच नजरेने ओळखायला सांगितले. उत्तरे जेमतेम ५८ टक्के बरोबर आली, म्हणजे अंदाजाने सांगावे तशीच. नजरेने पाहिलेला ठोकळा नजरेनेच ओळखताना हे प्रमाण ९२ टक्के होते. डोळे काम करत होते. हाताची ओळख डोळ्यांपर्यंत पोचत नव्हती. लॉक यांचे म्हणणे खरे ठरले, पण काही दिवसांपुरतेच. पुन्हा तपासलेल्या मुलांना ही सांगड थोड्याच दिवसांत जमू लागली होती, आणि तीही मुद्दाम न शिकवता.

या मुलांना सुरुवातीला स्थिर चित्रात एकावर एक आलेले आकार वेगळे काढता येत नाहीत. रंग किंवा उजेड बदलला की तिथे नवी वस्तू सुरू झाली असे त्यांना वाटते. तीच वस्तू हलू लागली की तिचे तुकडे एकत्र येतात. उलट, २०१५ च्या अभ्यासात असे आढळले की, दूर जाताना जवळ येणाऱ्या दोन रेषांमधली वरची आडवी रेघ लांब भासते, हा दृष्टिभ्रम नुकतीच दृष्टी आलेल्या मुलांनाही तात्काळ होतो. मनाचे काही नियम अनुभवाची वाट पाहत नाहीत, काही अनुभवाशिवाय बनतच नाहीत. ही सीमारेषा कुठे आहे, ते बसल्या जागी तर्काने ठरवता आले नसते.

उशिरा मिळालेली नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही. म्हणून जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांतच काढावा लागतो. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याची तपासणी आहे. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली, तर थांबू नये. पण जे मूल दहा-बारा वर्षांचे होऊन गेले आहे, त्याला ‘आता उपयोग नाही’ म्हणून परत पाठवायला आधार उरलेला नाही. शिबिरांत शस्त्रक्रियांचे आकडे मोजले जातात. त्या मुलाला पट्टी सुटल्यावर काही महिने कोण शिकवणार, त्याला कोणत्या वर्गात बसवणार, याचीही नोंद त्याच वहीत व्हायला हवी.