बँक तारण पाहते, घर तुम्ही पाहायचं

“बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे घर पक्कंच असणार. त्यांचा इंजिनिअर येऊन पाहून गेला की!”

जुना बंगला किंवा रो-हाउस घेणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरही पाठ झालंय. येऊन गेलेला माणूस बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर असतो. तो बहुतेकदा सिव्हिल इंजिनिअरच असतो, हे खरं. पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो: हप्ते थकले आणि हे घर विकायची वेळ आली, तर बँकेच्या हाती किती येतील? त्यासाठी तो मोजमाप घेतो, रस्ता पाहतो, आजूबाजूचे भाव विचारतो, फोटो काढतो आणि निघतो. गच्चीवर पाणी साठतं का, न्हाणीघराच्या पाठच्या भिंतीला ओल आहे का, हे शोधणं त्याचं काम नाही. वकिलाच्या सर्च रिपोर्टचंही तेच. तो मालकी तपासतो, स्लॅब तपासत नाही.

तरी पटत नसेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम पाहा. गृहकर्ज 30 लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, 30 ते 75 लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्केच देता येतं. वरचे पैसे तुमचे. म्हणजे घराची किंमत घसरली तर पहिला फटका तुमच्या पैशांना बसतो, बँकेची पाळी नंतर येते. स्लॅब गळतो म्हणून हप्ता कमी होत नाही. असं असताना बँकेने आपल्यासाठी घर तपासलं, असं मानायचं तरी कशाच्या जोरावर?

कोल्हारसारख्या गावात हा गैरसमज जास्तच महागात पडतो, कारण इथली जमीन. प्रवराकाठचा हा कालव्याच्या पाण्यावरचा, उसाचा पट्टा. माती बव्हंशी काळी, चिकण. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. शेताला पडतात तशा घराखालीही. पाया काळ्या थरातच उरकला असेल, जोत्यात मुरमाऐवजी खोदलेलीच माती परत भरली असेल, तर दरवर्षी घराचा एक कोपरा थोडा उचलला जातो, थोडा खचतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. विकणारा पुट्टी भरून रंग मारतो आणि घर नव्यासारखं दिसायला लागतं.

तपासणीचं काम इथून सुरू होतं. चार भिंतींपैकी एकीलाच ताजा रंग का, हे जाणता माणूस आधी विचारेल. भेग गिलाव्यापुरती केसासारखी आहे की विटकामातून आरपार, आतबाहेर एकाच जागी दिसते का, एका टोकाला रुंद होत जाते का, हे पाहील. गिलाव्यावर टकटक करून पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने आखेल. स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस डाग दिसले तर आतली सळई गंजू लागली असं समजेल. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटचे पापुद्रे पाडतं. भिंतीच्या पायथ्याला लोणा आहे का, दरवाजे चौकटीत घासतात का, छपराचं पाणी पायाशीच मुरतं का, अर्थिंग खरोखर चालू आहे की नुसती तार सोडलीय, तेही पाहील. शेवटी काय आत्ता करावं लागेल, काय नंतर चालेल आणि अंदाजे खर्च किती, हे लेखी देईल.

अमेरिकेत घर घेताना असा तपासनीस नेमणं सर्रास चालतं. आपल्याकडे त्यासाठी वेगळा सरकारी परवाना नाही, म्हणून पाटीवर जाऊ नका. अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा. मात्र तो विकणाऱ्याचा किंवा एजंटाचा माणूस नको.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“खरेदीखत नोंदवलं, आता काळजी नाही.” दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, घर बघायला येत नाही.

“सातबारा आणि आठ-अ चोख आहेत.” ते जमिनीचे कागद आहेत. पायाची खोली त्यांत लिहिलेली नसते.

“नवं बांधकाम आहे, तपासायचं काय?” महाडची तारिक गार्डन ही इमारत 24 ऑगस्ट 2020 ला कोसळली, 16 जण गेले. इमारतीला दहा वर्षंही झाली नव्हती.

“रेरा आहे ना!” रेराच्या कलम 14 नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पण तुम्ही पंधरा वर्षांचं घर घरमालकाकडून घेताय. तिथे रेरा काय करणार?

“दोष असता तर विकणाऱ्याने सांगितला असता.” मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 55 त्याला तसं बांधतं, पण त्याला माहीत असलेल्या आणि तुम्हाला साधारण काळजी घेऊनही न दिसणाऱ्या दोषांपुरतंच. ढळढळीत भेग तुम्ही पाहिलीच नाही, तर चूक तुमची.

“हॅमर टेस्ट केली की सगळं कळतं.” भारतीय मानकानेच या चाचणीतून निघणाऱ्या काँक्रीटच्या ताकदीच्या अंदाजात 25 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो असं म्हटलंय. ती मदतीला घ्यायची, निकालाला नाही.

“तपासणी म्हणजे भाव पाडायचा डाव.” उलट विकणाऱ्यानेच आधी अहवाल करून ठेवला, तर घासाघीस दुरुस्तीच्या खऱ्या खर्चापुरती राहते.

“वास्तुवाले पाहून गेलेत.” ते दिशा सांगतात. ओल नाही.

तपासणी करायची ती विसार देण्याआधी. विसार देणं भागच असेल, तर पावतीत एक ओळ घालून घ्या: इंजिनिअरच्या अहवालात मोठा दोष निघाला तर व्यवहार रद्द आणि विसार परत. ही ओळ लिहून द्यायला जो तयार होत नाही, त्याचं घर घेण्याची घाई करू नका.