पाकिटावरचें तिकीट

घरीं टपाल आलें, कीं पत्रांतील मजकुराची वाट न पाहतां पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यावर डोळा ठेवून बसणारें एखादें मूल पुष्कळ कुटुंबांत एके काळीं असे. वडील मंडळींचें वाचन संपलें न संपलें तोंच तो कोपरा कात्रीनें कापला जाई. वाटीभर पाण्यांत तो भिजत पडे. कागदापासून सुटलेलें तिकीट टिपकागदावर वाळे आणि सायंकाळपर्यंत वहींत जाऊन बसे. उरलेलें पाकीट चुलींत किंवा केराच्या टोपलींत जाई. हा क्रम इतका सर्वसाधारण होता, कीं त्यांत कांहीं गमावलें जात आहे अशी शंकाहि कोणास येत नसे. वास्तविक दस्तऐवजाखालची सही कापून ठेवावी आणि दस्तऐवज जाळून टाकावा, तशांतलाच हा प्रकार होता.

हें विधान पटण्यासाठीं टपालाचें तिकीट म्हणजे मुळांत काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. इंग्लंडांत १८४० पूर्वीं पत्राचें हंशील सामान्यतः पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. रोलंड हिल यांच्या योजनेनुसार त्या वर्षाच्या मे महिन्यांत एका पेनीचें काळें तिकीट निघालें. पाठविणाऱ्यानें हंशील आगाऊ भरल्याची ती पावती होती. आणि एकच पावती दोनदां चालूं नये म्हणून तिच्यावर शिक्का मारणें ओघानेंच आलें. म्हणजे तिकिटाच्या आयुष्यांत दोन घटना घडतात: तें विकलें जातें, आणि तें रद्द होतें. सरकारास काय सांगावयाचें होतें, तें तिकिटावरील चित्र सांगतें. तें तिकीट कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं, कोणाच्या उपयोगीं पडलें, तें मात्र शिक्का आणि पत्ता हींच सांगतात.

भारतांत ही पद्धति प्रथम सिंध प्रांतांत आली. तेथील कमिशनर सर बार्टल फ्रिअर, जे पुढें मुंबईचे गव्हर्नर झाले, यांनीं १ जुलै १८५२ रोजीं अर्ध्या आण्याचें तिकीट सुरू केलें. आशिया खंडांतील तें पहिलें तिकीट होय. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं राणी व्हिक्टोरियाच्या मुखाचीं तिकिटें निघालीं. तीं प्रथम कलकत्त्यास छापलीं गेलीं. नंतर हें काम लंडनच्या डी ला रू कंपनीकडे गेलें व सुमारें सत्तर वर्षें तेथेंच राहिलें. १९२५ सालीं नाशिक येथें सरकारी छापखाना उभा राहिला, आणि तेव्हांपासून देशाचीं तिकिटें महाराष्ट्राच्या भूमींत छापलीं जाऊं लागलीं.

नवीं तिकिटें आणि त्यांवरील शिक्के यांचा परस्परसंबंध कळण्यास १९४७ सालाइतकें चांगलें उदाहरण नाहीं. १५ ऑगस्ट रोजीं देश स्वतंत्र झाला. परंतु त्या दिवशीं पोस्टाच्या खिडकींत मिळणारें तिकीट जुनेंच, सहाव्या जॉर्ज बादशहांच्या मुकुटधारी मुखाचें होतें. त्यांत नवल नव्हतें. सत्तांतराची तारीख जून महिन्यांत जाहीर झालेली. तेवढ्या अवधींत चित्र ठरवून, ठसे करून, असंख्य प्रती छापून त्या खेडोपाडींच्या कचेऱ्यांत पोंचविणें सोपें नव्हतें. मग नव्या राज्याची खूण टपालावर प्रथम उमटली कशी? ती उमटली शिक्क्यानें. अनेक टपालकचेऱ्यांनीं त्या दिवशीं ‘जय हिंद’ हे शब्द असलेला शिक्का वापरला. ज्या आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर १९४५ च्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या लाल किल्ल्यांत खटला उभा राहिला, तिचा हा घोष. तोच आतां सरकारी शाईनें बादशहांच्या मुखावर उमटत होता. सत्तांतराचें इतकें नेमकें चित्र कोणा चित्रकारालाहि सुचलें नसतें, आणि तें कोणी मुद्दाम काढलेंहि नव्हतें. टपालाच्या नित्याच्या कामांतून तें आपोआप तयार झालें होतें. असा शिक्का कांहीं तिकिटावर व कांहीं पाकिटावर पडतो. कोपरा कापला, कीं गांवाचें अर्धें नांव एकीकडे राहतें आणि अर्धी तारीख दुसरीकडे जाते. वहींत उरतें तें राजाचें मुख; स्वातंत्र्य केरांत गेलेलें असतें.

याहूनहि बोलकें उदाहरण फाळणीचें आहे. पाकिस्तानांत पहिल्या दिवसापासून टपाल चालूं ठेवावें तर लागणार होतें, पण त्या राज्याजवळ स्वतःचें तिकीट नव्हतें. १५ ऑगस्टपासून सप्टेंबरअखेर तेथें भारताचींच जुनीं तिकिटें चाललीं. पुढें १ ऑक्टोबर १९४७ रोजीं त्याच तिकिटांवर ‘पाकिस्तान’ हा शब्द वर छापून तीं सुरू करण्यांत आलीं. आणि ही छपाई कोठें झाली, तर नाशिकच्याच छापखान्यांत. शिवाय तेथील अनेक गांवीं स्थानिक कचेऱ्यांनीं रबरी ठशांनीं तोच शब्द जुन्या तिकिटांवर उमटवून घेतला. दोन देशांत सीमा आंखली गेली होती, माणसें घरेंदारें सोडून चाललीं होतीं, आणि दोन्हीकडचीं पत्रें मात्र कांहीं आठवडे एकाच तिकिटावर जात होतीं. लाहोरास सप्टेंबरांत टाकलेलें पत्र आणि पुण्यास त्याच दिवशीं टाकलेलें पत्र यांवरचें तिकीट रंगानें, चित्रानें व किंमतीनें एकच असूं शकतें. तें कोणत्या देशाचें टपाल, हें फक्त शिक्काच सांगूं शकतो. भिजवून सोडविलेल्या व शिक्का पुसट झालेल्या अशा तिकिटाजवळ सांगण्यासारखें कांहींच उरत नाहीं.

स्वतंत्र भारताचें पहिलें तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजीं निघालें. साडेतीन आण्यांच्या त्या तिकिटावर राष्ट्रध्वज होता. त्यामागोमाग १५ डिसेंबरास आणखी दोन निघालीं: दीड आण्याचें अशोकस्तंभावरील सिंहांचें, आणि बारा आण्यांचें चार इंजिनांच्या विमानाचें. तिन्हींवर नागरी अक्षरांत ‘जय हिंद’ हे शब्द होते. या किंमती सहज ठरलेल्या नव्हत्या. दीड आणा देशांतल्या देशांत जाणाऱ्या पत्रासाठीं, साडेतीन आणे परदेशीं जाणाऱ्या साध्या पत्रासाठीं, आणि बारा आणे परदेशच्या विमानी टपालासाठीं. यावरून चित्रांच्या निवडीचा अर्थ लागतो. जगाच्या दारांत ध्वज गेला. घरोघर गेले ते सिंह. नव्या राज्यानें परक्यांस आपली ओळख ध्वजानें करून दिली व स्वजनांस सम्राट अशोकाचें स्मरण करून दिलें. ध्वजाचें तिकीट लावून लंडनला किंवा नैरोबीला गेलेलें पाकीट ज्याच्या हातीं येईल, त्याला ही योजना प्रत्यक्ष कामास लागलेली दिसेल.

छापलें म्हणजेच तें टपालाचें तिकीट झालें असें नाहीं, हेंहि याच घोषाच्या इतिहासांत पाहावयास मिळतें. १९४३ सालीं जर्मनींत आझाद हिंदचीं तिकिटें छापून तयार झालीं होतीं. तीं देखणीं आहेत, संग्राहकांस हवींहवींशीं वाटतात, आणि एका महान् आकांक्षेचें स्मारक म्हणून त्यांस मान आहे. परंतु त्यांवर टपाल कधींच गेलें नाहीं. जें पत्र त्यांनीं न्यावयाचें होतें, तें लिहिण्याची वेळच आली नाहीं.

यानंतर १५ ऑगस्ट १९४८ चीं गांधीजींचीं चार तिकिटें येतात. गांधीजींच्या हत्येस तेव्हां साडेसहा महिने झाले होते. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे व दहा रुपये अशा त्यांच्या किंमती. आणि त्यांवर नागरी व उर्दू अशा दोन्ही लिपींत ‘बापू’ हा एक घरगुती शब्द. हीं तिकिटें स्वित्झर्लंडांतील कूर्वोआझिए या छापखान्यांत फोटोग्राव्ह्यूर पद्धतीनें छापलीं गेलीं. या पद्धतींत पत्र्यावर सूक्ष्म खळगे कोरले जातात. खोल खळग्यांत शाई अधिक व उथळ खळग्यांत कमी राहते, आणि त्यामुळें चेहऱ्यावरील छायाप्रकाश छायाचित्रासारखा मृदु उतरतो. स्वदेशीच्या पुरस्कर्त्याचें चित्र परदेशांत छापावें लागलें, ही विसंगति संग्राहकांच्या बोलण्यांत वारंवार येते. नाशिकच्या छापखान्यांत या पद्धतीनें प्रथम छपाई झाली ती १९५२ सालीं, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब व रवींद्रनाथ यांच्या तिकिटांची.

या चारांतील दहा रुपयांच्या तिकिटाची किंमत त्याच मालेंतील दीड आण्याच्या शंभरांहून अधिक तिकिटांइतकी होती. सामान्य गृहस्थानें तें पत्रावर लावावें अशी अपेक्षाच करतां येत नव्हती. त्याच मालेच्या कांहीं प्रती गव्हर्नर जनरलच्या कचेरीच्या उपयोगासाठीं ‘सर्व्हिस’ हा इंग्रजी शब्द वर छापून काढल्या गेल्या, आणि त्यांत दहा रुपयांचीं तिकिटें अवघीं शंभर होतीं. अशा चार तिकिटांच्या एका सलग पट्टीस २०१७ सालीं ब्रिटनमध्यें पांच लाख पौंड मिळाले. वर्तमानपत्रांत गाजते ती अशा आंकड्यांची बातमी, आणि तीमुळेंच जुन्या पेट्या उघडल्या जातात. मात्र जेथें मोल मोठें, तेथें खोटेपणाहि मोठा. दहा रुपयांच्या साध्या गांधी तिकिटाच्याहि बनावट प्रती बाजारांत फिरत असतात. शिवाय वापरलेल्या तिकिटाला भाव अधिक येतो असें दिसलें, कीं खऱ्या तिकिटावर खोटा शिक्का मारणारेहि निघतात. जाणत्याकडून तपासून घेतल्यावांचून असें तिकीट कोणी घेऊं नये.

दुर्मिळता हें एक मोल झालें. दुसरें मोल लक्षावधि हातांतून गेलेल्या स्वस्त तिकिटांचें असतें. १५ ऑगस्ट १९४९ रोजीं निघालेली सोळा तिकिटांची माला या जातीची आहे. तिच्यांत अजिंठ्याचा हत्ती आहे, घारापुरीची त्रिमूर्ति आहे, विजापूरचा गोलघुमट, सांचीचें तोरण, अमृतसरचें सुवर्णमंदिर, आग्र्याचा ताजमहाल आणि पालिताण्याचें शत्रुंजय मंदिरहि आहे. राजाचें मुख रोजच्या टपालावरून उतरलें व त्याच्या जागीं देशांतील कारागिरांचें काम आलें. या मालेंतील एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ति आरशांत दिसावी तशी उलटी छापली गेली होती. उजव्याचें डावें झालें होतें. ती चूक सुधारून १९५० च्या जुलै महिन्यांत नवें तिकीट काढण्यांत आलें. दोन्ही तिकिटें दुर्मिळ नाहींत. परंतु ज्या घरीं त्या दोन वर्षांचीं पत्रें जपून ठेविलीं असतील, तेथें डावी मूर्ति केव्हां मावळली व उजवी केव्हां आली, हें तारीखवार लावून पाहण्याचा आनंद कोणत्याहि मुलास विनामूल्य मिळूं शकेल.

आतांचा काळ निराळा आहे. घरगुती पत्रें विरळ झालीं, आणि नवीं तिकिटें मात्र वर्षभर निघत असतात. १२ फेब्रुवारी २०११ रोजीं दिल्लींतील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या वेळीं गांधीजींचें शंभर रुपयांचें तिकीट चक्क खादीच्या कापडावर छापून काढण्यांत आलें; १९४८ मधील परदेशी छपाईला जणू हें उशिराचें उत्तर होतें. त्यापूर्वीं २००६ सालीं चंदनाच्या वासाचें तिकीट निघालें होतें. हीं तिकिटें खिडकींतून थेट वहींत जातात. पत्रावर चिकटविण्याचें धैर्य फारसें कोणी करीत नाहीं. अशा तिकिटाच्या आयुष्यांत पहिलीच घटना घडते, दुसरी घडत नाहीं. पुढील पिढीच्या हातीं तें येईल तेव्हां तें नवेंकोरें असेल, आणि मुकें असेल.

यावर उपाय अगदीं सोपा आहे. नवें तिकीट निघाल्याची बातमी आली, कीं संग्राहकानें एकाऐवजीं दोन घ्यावीं. एक वहींत ठेवावें. दुसरें पाकिटावर लावून त्यांत खरेंखुरें पत्र घालावें, आणि खिडकीवरील कारकुनास विनंति करून शिक्का हातानें, स्वच्छ व तारीख वाचतां येईल असा मारून घ्यावा. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं वडिलांच्या किंवा आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा असेल, त्यांनीं त्यास कात्री लावूं नये, पाण्यांत बुडवूं नये व चिकटपट्टी तर मुळींच लावूं नये. मुंबई-कोंकणच्या पावसाळी हवेंत न वापरलेल्या तिकिटांचा डिंक ओलावून तीं एकमेकांस चिकटतात. गठ्ठा कोरड्या जागीं, सैल बांधून ठेवावा. पाकिटाची मागची बाजूहि पाहावी. जुन्या पत्रांवर पोंचल्याचा शिक्का बहुधा तेथेंच असतो, आणि दोन तारखांमधील अंतर मोजलें, कीं त्या पत्राची वाट किती दिवस पाहिली गेली तें कळतें. तेवढी वाट कोणी कोणासाठीं पाहिली, हें मात्र पाकिटाच्या आंत लिहिलेलें असतें.