नसण्याचा तक्ता

उष्णता म्हणजे काय, असे आठवीच्या वर्गात विचारले तर 'ऊर्जेचे एक रूप' हे उत्तर तत्काळ मिळते. हे कशावरून, असे विचारले की वर्ग गप्प होतो.

१६२० साली फ्रान्सिस बेकनने 'नोव्हम ऑर्गॅनम' या लॅटिन ग्रंथात नमुन्यादाखल हाच प्रश्न घेतला. तेव्हा तो इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे उच्च न्यायाधिकारी होता. त्याची रीतही साक्षीपुरावा तपासणाऱ्याचीच वाटते. प्रथम त्याने उष्णता जिथे जिथे आढळते त्यांची यादी केली : सूर्यकिरण, ज्वाला, वीज, पाणी शिंपडलेली चुनकळी, ओलसर असतानाच रचलेले गवत, घोड्याची ताजी लीद, घासलेल्या वस्तू. अशी यादी कोणीही करील. खरी मौज दुसऱ्या तक्त्यात आहे. पहिल्या यादीतील वस्तूंशी मिळत्याजुळत्या, तरीही उष्णता नसलेल्या गोष्टी त्याने इथे शोधल्या. सूर्यकिरण उष्ण, मग चांदणे? तेही भिंगाने एकवटून पाहावे, असे तो सुचवतो. तिसरा तक्ता कमी-अधिक प्रमाणांचा.

मग एकेक संशयित बाद करायचा. उकळते पाणी उजेड देत नाही पण पोळते. चांदणे उजेड देते पण पोळत नाही. म्हणजे प्रकाश हे उष्णतेचे मूळ नव्हे. (चांदण्यातही अत्यल्प उष्णता असते, हे पुढे एकोणिसाव्या शतकात मोजता आले, पाण्याचा दाखला मात्र टिकला.) अखेर, उष्णता ही पदार्थाच्या सूक्ष्म कणांची गती आहे, असा तात्पुरता निष्कर्ष त्याने काढला. नंतरही उष्णतेला एक द्रव मानणाऱ्या कल्पनेचा पगडा दीर्घकाळ राहिला. तोफांना भोके पाडताना घर्षणाने न संपणारी उष्णता निघते, हे रम्फर्डने १७९८ साली मांडले, तेव्हा ती डळमळू लागली.

बेकनला द्रष्टा ठरवण्याची घाई मात्र करू नये. त्याच्या यादीत जीभ भाजणारे मसालेही आहेत! शब्द आपल्याला फसवतात, असा इशारा देणारा हाच गृहस्थ. आणि आपणही 'आले उष्ण पडते' म्हणतोच. गणिताचे बळ त्याला नीट उमगले नाही, कोपर्निकसचे मतही त्याने स्वीकारले नाही. १६२१ मध्ये लाच घेतल्याची कबुली देऊन त्याला पद सोडावे लागले. तरीही १६६० साली रॉयल सोसायटी स्थापणाऱ्यांनी प्रेरणास्थान मानले ते त्यालाच.

आमच्या मते त्याची मोठी देणगी तो दुसरा तक्ताच. नवस फेडून जहाजफुटीतून वाचलेल्यांची चित्रे देवळात टांगलेली दाखवली, तेव्हा एकाने विचारले, नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत? ही जुनी गोष्ट बेकनने मुद्दाम दिली आहे. जुळणारे तेवढे लक्षात ठेवणे हा मनाचा स्वभाव, आणि आपल्या प्रयोगवह्या तो अधिकच पक्का करतात. पुस्तकाशी न जुळलेले वाचन मुले खोडरबराने पुसतात, कारण गुण जुळलेल्याला मिळतात.

एका शिबिरात आम्ही वहीत 'काय झाले नाही' असा एक रकाना आखून दिला होता. पहिल्या दिवशी तो बहुतेकांचा कोराच राहिला. तिसऱ्या दिवशी एका मुलीने लिहिले : चुनकळी भिजवली, पण गरम झाली नाही. डबा बरेच दिवस उघडा होता. मग सगळा गट नवा, बंद डबा शोधायला निघाला.