उपवासाआधी मनाची मशागत

ईस्टर, अर्थात प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा सण, ख्रिस्ती धर्मात सर्वश्रेष्ठ मानला जातो. त्याच्या तयारीसाठी पाळल्या जाणाऱ्या व्रताला 'लेंट' किंवा उपवासकाळ म्हणतात. येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचे हे स्मरण होय. कॅथलिक पंथात त्याचा आरंभ भस्म बुधवारी होतो. त्या दिवसापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. मात्र रविवार हा आनंदाचा दिवस असल्याने सहा रविवार वगळून ४० दिवस मोजले जातात.

या काळात शिरण्यापूर्वी मनाची मशागत करण्याची परंपरा जुनी आहे. गोव्यात कार्निव्हलचा जल्लोष भस्म बुधवारच्या पूर्वसंध्येला संपतो; त्यानंतर अंतर्मुख होण्याचे दिवस सुरू होतात. ऑर्थोडॉक्स पंथात व्रतारंभाच्या आदल्या दिवशी 'क्षमेचा रविवार' पाळला जातो. त्या दिवशी धर्मगुरू आणि भाविक एकमेकांची क्षमा मागतात. मनात वैर ठेवून उपवासाला बसू नये, हा त्यामागील अर्थ.

भस्म बुधवारी मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची राख कपाळी लावली जाते. विशेष म्हणजे, त्याच दिवशी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील वाचन होते. दान, प्रार्थना आणि उपवास यांचा गाजावाजा करू नका, उपवास करताना तोंड धुऊन प्रसन्न राहा, असा येशूचा उपदेश त्यात आहे. मग कपाळीची राख दिखाऊ नव्हे काय? तसे नाही. ती पुण्याची निशाणी नसून, माणूस मातीचा आहे आणि त्याला पश्चात्तापाची गरज आहे, याची जाहीर कबुली आहे.

नियम तसे मोजके आहेत. १८ ते ५९ वयोगटातील कॅथलिकांना भस्म बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास बंधनकारक आहे. त्यात एक पूर्ण जेवण व दोन वेळा अल्पाहार घेता येतो. वयाच्या १४व्या वर्षापासून या दोन दिवशी व उपवासकाळातील शुक्रवारी मांसाहार वर्ज्य असतो.

परंतु केवळ ताट बदलल्याने व्रत सफल होत नाही. एकीकडे उपवास आणि दुसरीकडे मजुरांची पिळवणूक, या ढोंगावर यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ५८व्या अध्यायात कठोर प्रहार केला आहे. भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा देणे हाच तेथे खरा उपवास ठरतो. म्हणूनच काय सोडावे, यापेक्षा वाचवलेले कोणाला द्यावे आणि कोणाशी समेट करावा, याचा विचार भस्म बुधवारपूर्वीच व्हायला हवा.