टीव्ही लावला की स्पीकर पंख का पसरतात? (एपिसोडचा लिखित भाग)

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे लोकलमध्ये इअरफोन विसरले, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोललो तसंच लिहिलंय, फक्त माझे "अं", "म्हणजे" आणि मागची कुकरची शिट्टी काढून टाकली आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकच रील पाठवलं होतं. एका पॉश हॉलमध्ये जमिनीलगत एक मोठा टीव्ही उभा आहे, त्याच्यापुढे लाकडाची दोन उभी पाती. कुणीतरी रिमोट दाबतं. पाती फुलपाखराच्या पंखांसारखी बाजूला पसरतात, मधून स्क्रीन हळूहळू वर येते आणि आवाज सुरू होतो. सगळ्यांचा प्रश्न एकच : "दादा, हे खरं आहे की एआय?"

खरं आहे. त्याचं नाव बिओव्हिजन हार्मनी. बनवणारी कंपनी बँग अँड ओलुफसेन, डेन्मार्कमधल्या स्ट्रुअर गावातली, १९२५ सालची. हा टीव्ही त्यांनी २०१९ मध्ये आणला. आतली ओएलईडी स्क्रीन एलजीची, ७७ इंची. किंमत १८,५०० युरो, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने साधारण साडेचौदा लाख रुपये. आमच्याकडे एवढ्यात एक गाडी येते आणि तिच्यात बसून फिरायलाही जाता येतं.

पण मी हसून विषय सोडला नाही, कारण मी असलंच एक प्रकरण घरी बनवलं होतं. त्यात मोठी चूक केली. ती चूक सांगण्यासाठीच आजचा एपिसोड आहे. पण आधी बेसिक समजून घेऊ.

हे हलवायचंच कशाला?

दोन कारणं आहेत. पहिलं दिसण्याचं, दुसरं ऐकण्याचं.

दिसण्याचं सोपं आहे. बंद टीव्ही म्हणजे भिंतीवरचा मोठा काळा चौकोन. ७७ इंची स्क्रीनची रुंदी जवळजवळ १७० सेंटिमीटर भरते. एवढा काळा तुकडा दिवसभर बघत बसायला कुणाला आवडेल? आणि टीव्ही लपवायची हौस काही आजची नाही. आजी-आजोबांना विचारा. पूर्वीचे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लाकडी पेटीत यायचे, पुढे सरकतं शटर, त्याला कुलूप. बातम्या संपल्या की शटर बंद. मुलांची परीक्षा असली की किल्ली आईच्या कमरेला.

जर्मनीत तर १९५७ मध्ये कुबा कोमेट नावाचं एक अजब फर्निचर निघालं. खाली रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरचं कपाट, वर जहाजाच्या शिडासारखा भाग, आणि त्या शिडात टीव्ही आणि स्पीकर दोन्ही. ते अख्खं शीड हाताने फिरवता यायचं, म्हणजे तुम्ही जिकडे बसाल तिकडे चित्रही आणि आवाजही. वजन साधारण १३० किलो. मोटर नव्हती, पण आयडिया तीच.

आता ऐकण्याचं. पूर्वीच्या टीव्हीची पेटी खोल होती, स्पीकरला जागा मिळायची. आता टीव्ही इतके पातळ झालेत की स्पीकर तळाशी नाहीतर पाठीमागे कोंबतात. आवाज तुमच्याकडे यायच्या ऐवजी आधी भिंतीकडे किंवा टेबलाकडे जातो. शिवाय जाड आवाज, म्हणजे बेस काढायला भरपूर हवा हलवावी लागते. त्यासाठी मोठा कोन आणि पाठीमागे मोकळी जागा हवी. पातळ टीव्हीत दोन्ही नाही. म्हणून मग संवाद कळत नाहीत, बाबा व्हॉल्यूम वाढवतात, आणि गाणं लागलं की शेजारचे काका बेल वाजवतात.

स्पीकर बाजूला न्यायचं कारण स्टिरिओमध्ये आहे. गाणं मिक्स करताना साधारण असं धरलेलं असतं की दोन स्पीकर आणि तुमचं डोकं मिळून एक समभुज त्रिकोण होतो. म्हणजे दोन्ही स्पीकर तुमच्यापासून जेवढे लांब, तेवढेच एकमेकांपासून लांब. तुमच्या डोक्याशी ६० अंशांचा कोन. असं असलं की दोन्हीकडून सारखा आणि एकाच वेळी येणारा आवाज मेंदूला बरोबर मधून आल्यासारखा वाटतो. तिथे स्पीकर नसतो, तरी गायिका मधोमध उभी असते. स्पीकर एकमेकांना चिकटले की हे सगळं आकसून एका डब्यात जातं.

म्हणजे बघा, दिसायला सगळं मिटलेलं हवं, ऐकायला सगळं पसरलेलं हवं. ही दोन टोकं जोडायला मोटर आली.

प्रत्येकाने हलवलंय, पण वेगवेगळं

याच कंपनीच्या २०१४ च्या बिओव्हिजन अव्हांटमध्ये टीव्ही लावला की स्क्रीनखालून स्पीकर बाहेर यायचा, आणि मोटरवाल्या स्टँडवर टीव्ही तुमच्याकडे वळायचा. सॅमसंगच्या द सेरोमध्ये ४३ इंची स्क्रीन उभी-आडवी फिरते. फोन उभा केला की टीव्ही उभा, रील बघायला.

एलजीने उलटं केलं. त्यांच्या सिग्नेचर ओएलईडी आर मध्ये स्पीकर असलेली पेटी जागची हलत नाही, ६५ इंची स्क्रीनच गुंडाळी होऊन तिच्यात जाते. चटईसारखी. थोडीशी वर ठेवली की घड्याळ आणि गाणी, पूर्ण आत गेली की फक्त स्पीकर. ऑक्टोबर २०२० मध्ये कोरियात विक्रीला आला, किंमत १० कोटी वॉन. आपल्या पैशांत साठ लाखांच्या वर.

आत काय चालतं?

आता माझा आवडता भाग. समजा ३० किलोची स्क्रीन ४० सेंटिमीटर वर उचलायची आहे. शाळेतलं सूत्र आठवा : वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. आलं ११८ जूल. हे काम १५ सेकंदांत केलं तर पडली जेमतेम ८ वॉट पॉवर. घर्षणात बरीच वाया जाते, म्हणून २५-३० वॉट धरा. तरी ती पंख्यापेक्षा कमी आहे!

एवढीशी मोटर एवढं वजन उचलते ती गिअर आणि स्क्रूमुळे. मोटर भरभर फिरते, स्क्रू हळूहळू सरकतो. वेग देऊन जोर घ्यायचा. गाडीचा जॅक आठवा. बारीक आट्यांच्या स्क्रूचा आणखी एक फायदा म्हणजे लाइट गेली तरी वजन सहसा खाली घसरत नाही, जिथल्या तिथे थांबतं.

मग सॉफ्टवेअर. वरून वाटतं, उघड आणि बंद, दोनच तर गोष्टी आहेत. नाही. कमीत कमी पाच अवस्था आहेत : बंद, उघडतंय, उघडं, बंद होतंय, आणि अडकलंय. पाचवी सगळ्यात महत्त्वाची, आणि नवशिके तीच विसरतात.

मीही विसरलो.

माझा पराक्रम

मागच्या वर्षी आईसाठी पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी हे बनवायला घेतलं. ओळखीच्या सुतारकाकांकडून प्लायचं कपाट करून घेतलं. मध्ये ४३ इंची टीव्ही, तो वर-खाली करायला एक लिनिअर ॲक्च्युएटर. दोन्ही बाजूंना बिजागरीवर एकेक दार, दारात स्पीकर, आणि प्रत्येक दाराला एक ॲक्च्युएटर. हे म्हणजे लांब होणारा, आखूड होणारा मोटरवाला दांडा. वर ईएसपी३२ बोर्ड, चार रिले आणि माझा कोड.

कोड काय होता? "बंद करायचं असेल तर मोटर १२ सेकंद चालव." संपलं. मोजून पाहिलं होतं, १२ सेकंदांत दार बंद होतं.

पहिला झटका आठवड्यातच बसला. दार अर्धं असताना लाइट गेली. परत आली तेव्हा बोर्ड नव्याने चालू झाला आणि त्याने धरून चाललं की आपण बंदच आहोत. आईने बटण दाबलं, दारं उघडली, टीव्ही मात्र दारांच्या आधीच वर यायला लागला आणि कडेला घासला. मी म्हटलं, छोटा बग आहे, शनिवारी बघू.

शनिवारच्या आत दिवाळी आली. ताई आणि माझी भाची राहायला आल्या. भाची चार वर्षांची. तिला ते दार म्हणजे बाहुलीचं घर वाटलं. तिने बाहुलीला दाराच्या फटीत "गाई गाई" करत झोपवलं आणि पाणी प्यायला आत गेली. मी सोफ्यावर बसून पाहुण्यांना डेमो देत होतो. फोनवरून बंदचं बटण दाबलं.

दार थांबलं नाही. त्याला थांबायचं कारणच नव्हतं, मी १२ सेकंद सांगितले होते. कट्ट असा आवाज झाला आणि बाहुलीचा प्लास्टिकचा हात तुटून खाली पडला. भाची रडायला लागली. ताई रडली नाही, ओरडलीही नाही. तिने तो हात उचलून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "अर्ध्या मिनिटापूर्वी हिचा हात तिथे होता."

त्या रात्री मी ॲक्च्युएटरवरचं लेबल पुन्हा वाचलं. १५०० न्यूटन. म्हणजे जवळजवळ १५० किलो वजनाइतका जोर. विकत घेताना मी "वा, दणकट आहे" म्हणालो होतो. दाराला त्याच्या दहाव्या हिश्श्याचीही गरज नव्हती. हळू चालणारी वस्तू आपल्याला सुरक्षित वाटते. पण ती हळू चालते म्हणूनच जोरदार असते, हे वर आपण पाहिलंच.

मग काय बदललं

तुम्ही कुणी टीव्ही लिफ्ट, मोटरवालं कपाट, फोल्डिंग बेड असलं काही बनवत असाल, तर हे लिहून घ्या.

एक, वेळेवर विश्वास ठेवू नका, जागा मोजा. टोकाला लिमिट स्विच आणि मध्ये स्थान सांगणारा सेन्सर. लाइट जाऊन आली की आधी हळूच एका टोकाला जाऊन शून्य शोधायचं, मगच हुकूम ऐकायचा.

दोन, मोटरचा करंट मोजा. काही अडकलं की मोटर जास्त करंट ओढते. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की थांब, आणि थोडं उलट सरक. चांगल्या गाड्यांच्या काचा हेच करतात.

तीन, मोटर गरजेपुरतीच घ्या. जास्त जोर म्हणजे जास्त चांगली असं नाही.

चार, फट. यंत्रांच्या सुरक्षेसाठी आयएसओ १३८५४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात बोट चिरडू नये म्हणून किमान २५ मिलिमीटर आणि हातासाठी १०० मिलिमीटर मोकळी जागा सांगितली आहे. एकतर एवढी जागा सोडा, नाहीतर तिथे बोट जाणारच नाही अशी रचना करा.

पाच, दुसऱ्या खोलीतून फोनवर बंद करण्याची सोय काढून टाका. बटण कपाटाजवळच हवं आणि दाबून धरलं तरच चालायला हवं. बोट उचललं की सगळं थांबलं पाहिजे. डेमो कमी भारी दिसतो, दिसू दे.

आणि कपाट भिंतीला पक्कं करा. टीव्ही वर गेला की वजनही वर जातं, आणि मुलं लटकतात.

घ्यावं का?

खरं सांगू? आवाज मोटरमुळे सुधारत नाही, जागेमुळे सुधारतो. मोटर फक्त लपवायची सोय करते. आणि एक गणित लक्षात ठेवा : लाकूड वीस-पंचवीस वर्षं टिकतं, टीव्ही त्याच्या खूप आधी जुना होतो. म्हणून असं काही घेतलंच, तर स्क्रीन वेगळी काढून बदलता येते का, आणि मोटर बिघडली तर हाताने उघडता येतं का, हे दोन प्रश्न आधी विचारा.

बाकीच्यांसाठी फुकटचा उपाय. आज घरी गेलात की सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. साधे दोन स्पीकर असतील तर ते एकमेकांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर ठेवा. जागा नसेल तर जमेल तेवढं. उंची कानाच्या पातळीला, तोंड तुमच्याकडे किंचित वळवलेलं. शोकेसच्या कोनाड्यात कोंबू नका. फरक ऐका आणि मला सांगा.

आमच्या कपाटाचं काय झालं? टीव्ही अजून मोटरने वर येतो, बटण दाबून धरलं तर. दारांचे ॲक्च्युएटर मात्र मी काढून टाकले. आईला म्हटलं, "सॉरी गं, ते फुलपाखरू काही जमलं नाही." तर ती म्हणाली, "अरे, हाताने उघडते की. आम्ही शटर काय मोटरने सरकवत होतो?"

बाहुलीचा हात मी फेविक्विकने चिकटवला. जोड दिसतो. भाची आली की आधी दारात हात घालून बघते आणि मग मला विचारते, "मामा, आता हे चावत नाही ना?"

नाही चावत. मी रोज तपासतो.

तुमच्या घरात असं काही हलणारं, सरकणारं असेल तर त्याची गोष्ट व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. तोपर्यंत ऐकत राहा, आणि बोटं सांभाळा!