तांबडे समुद्रशैवल : नाम, रूप आणि जनुक

गुराखी, मेंढपाळ व वनवासी औषधींना नामरूपाने जाणतात. पण तेवढ्याने द्रव्यज्ञान पूर्ण होत नाही, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. तांबड्या समुद्रशैवलांच्या अभ्यासकांना आज हाच अनुभव येत आहे.

आपल्या व्यवसायाशी या शैवलांचा संबंध कॅरॅजिननमुळे येतो. टूथपेस्टचा घट्टपणा, शाकाहारी मऊ कॅप्सूलचे कवच यांत ते वापरतात. बाजारात कच्च्या मालाची दोन नावे रूढ आहेत, ‘कॉटोनी’ आणि ‘स्पिनोसम’. पहिले मुख्यतः कॅपाफायकस अल्वारेझी, दुसरे युक्युमा डेंटिक्युलेटम. पहिल्यातील कापा कॅरॅजिनन पोटॅशियमच्या सान्निध्यात कडक व ठिसूळ गोठते. दुसऱ्यातील आयोटा कॅल्शियमसह मऊ, लवचिक राहते. नावाची गफलत झाली तर कल्पच बिघडतो. ब्राह्मी व मंडूकपर्णीचा घोळ ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना अधिक सांगणे नको.

अडचण अशी की प्रकाश व लाटांनुसार एकाच जातीचे शैवल निरनिराळी रूपे घेते. रंगही हिरवा, तपकिरी वा तांबडा असतो. मलेशियातील शेतकरी एका वाणास ‘आरिंग-आरिंग’ म्हणत. जनुकांची तुलना व शरीररचनेचा अभ्यास झाल्यावर २०१४ मध्ये ती कॅपाफायकस मलेशियानस ही स्वतंत्र जाती ठरली. शेतकऱ्यांनी वेगळेपण आधीच ओळखले होते, हे विसरू नये!

सूक्ष्मदर्शकाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. मन्नारच्या आखातातील जेलिडिएला असेरोसा व तिच्यासारखे दिसणारे जेलिडियम, दोन्हींपासून अगर मिळते. आडवा छेद घेतला तर जेलिडियममध्ये जाड भित्तीचे बारीक तंतू दिसतात, जेलिडिएलात ते नसतात. ही परीक्षा द्रव्यगुण विभागातील विद्यार्थीही करू शकेल. जनुकांतील किती फरकास जातिभेद मानावे, हा निर्णय मात्र अखेर अभ्यासकालाच करावा लागतो.

आपल्या सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस, जिचे पान एकाच पेशीइतके जाड असते, ती २०११ मध्ये पायरोपिया व २०२० मध्ये फायकोकॅलिडिया या वंशात गेली. वनस्पती तीच, नावे तीन! म्हणून जुने ग्रंथ व नवी प्रमाणपत्रे ताडताना सर्व नावे हाताशी असावीत.

कॅरॅजिननच्या शुद्ध चूर्णात छेद घेण्याजोगी रचना उरत नाही आणि प्रक्रियेत जनुकद्रव्यही तुटते. तेव्हा फार्मसीचालकांनी पुरवठादाराकडे प्रक्रियेपूर्वीच्या अखंड, वाळलेल्या शैवलाचा नमुना आणि जातीचे पूर्ण शास्त्रीय नाव मागावे. केवळ ‘कॉटोनी’ एवढ्या नोंदीवर माल स्वीकारू नये.