ग्राफाइटची नळी आणि उशिरा येणारी आच

पिण्याच्या पाण्यात शिसे किती चालेल, याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. इतके अल्प शिसे ज्योतीच्या साध्या यंत्रावर भरवशाने मोजता येत नाही. ॲलन वॉल्श यांनी १९५५ साली ऑस्ट्रेलियात मांडलेल्या अणुशोषण पद्धतीत नमुन्याचा फवारा ज्योतीत सोडतात आणि ज्योतीतून जाणारा प्रकाश अणूंनी किती शोषला ते पाहतात. फवाऱ्यातला बहुतेक द्राव वाटेतच निचरून जातो, आणि ज्योतीत पोचलेले अणूही क्षणात प्रकाशाच्या वाटेबाहेर पडतात. त्यांना थोडा वेळ थोपवते ती ग्राफाइटची पोकळ नळी, जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीची.

नळीच्या दोन्ही टोकांचे जोड पाण्याने थंड ठेवतात आणि तिच्यातून शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडतात. वेगळी तार वगैरे काही नाही. नळी स्वतःच तापते, तीच भट्टी. हवेत ती जळून जाईल, म्हणून भोवती आर्गॉन खेळता ठेवतात. वरच्या भोकातून वीसेक मायक्रोलिटरचा थेंब आत पडतो. आधी तो शंभर अंशांच्या जरा वर सुकवायचा. इथे घाई केली तर थेंब तडतडून उडतो. मग काही शे अंशांवर सेंद्रिय भाग जाळायचा. त्यानंतर एक-दोन सेकंदांत नळी दोन हजार अंशांच्या आसपास जाते, शिशाचे अणू सुटे होतात. तेवढ्यापुरता आतला आर्गॉन थांबवतात. नळीतून आरपार जाणारा प्रकाश किती शोषला गेला, यावरून शिसे कळते.

मला या भट्टीतला सर्वांत देखणा विचार वाटतो तो आच उशिरा पोचवण्याचा. लेनिनग्राडचे बोरिस ल्वोव १९५९ मध्ये आधीच तापलेल्या नळीत नमुन्याचा इलेक्ट्रोड घालत. जर्मनीत हान्स मासमान यांनी १९६८ मध्ये रचना सोपी केली: थेंब भिंतीवरच ठेवायचा आणि नळी तापवायची. बाजारात रुळली ती हीच. पण भिंत तापते तेव्हा आतला वायू अजून मागेच असतो. खारट नमुन्यातले शिसे मग क्लोराइडच्या रूपात, अणू सुटे न होताच निसटते आणि आकडा कमी येतो. दूषित पाणी अशाने चांगले ठरू शकते, हे मला फार गंभीर वाटते.

ल्वोव यांनीच १९७८ मध्ये उपाय दिला: नळीत ग्राफाइटची छोटी पट्टी, थेंब तिच्यावर. पट्टीला उष्णता मुख्यतः भिंतींच्या प्रारणातून मिळते, म्हणून ती मागाहून तापते; तोवर वायूही तापलेला असतो. जोडीला पॅलेडियमचा क्षार घातला की शिसे अधिक तापमानापर्यंत धरून राहते. रक्तातले शिसे तपासतानाही अशाच भट्ट्या वापरल्या जातात. शेकडो वेळा तापून नळी झिजते आणि आकडे ढळू लागतात, म्हणून मधूनमधून माहीत असलेल्या प्रमाणाचे द्रावण घालून तिची परीक्षा घेतात. तिथे चुकली, तर ती बदलतात.